गुळवेलीच्या पाकिटावर 'सुरक्षित' छापण्याआधी

पांढरकवड्याकडून एम.एस्सी. करणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे. प्रश्न थोडक्यात असा: गावातला महिला बचत गट धुऱ्यावरची (शेताच्या बांधावरची) गुळवेल आणून, वाळवून, दळून तिची पावडर विकतो. ताईंनी कॉलेजात त्या पावडरचा मिथेनॉलमध्ये अर्क काढला आणि डीपीपीएच चाचणी केली. डीपीपीएच हे जांभळं रसायन, अँटिऑक्सिडंट भेटलं की पिवळं पडतं, आणि किती टक्के रंग गेला ते यंत्रावर मोजतात. ३ मिलि डीपीपीएचमध्ये २ मिग्रॅ/मिलिचा १ मिलि अर्क घातला तर ९१ टक्के आले. तेवढंच क जीवनसत्त्व घातलं तर ९५. आता गटाला पाकिटावर 'सुरक्षित व अँटिऑक्सिडंटयुक्त' असं छापायचं आहे. त्यासाठी ब्राइन श्रिंपची (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची) एक स्वस्त चाचणी केली तर पुरेल का?

नाही पुरणार. पण तुमची मेहनतही वाया गेलेली नाही, फक्त कामाला शेवटच्या टोकाकडून सुरुवात झाली आहे. डीपीपीएचचा आकडा त्या नळीतल्या अर्कापुरता असतो. पावडर सुरक्षित आहे की नाही हे वेल कोणती, कोणत्या वावरातली, कशी वाळवली, किती घेतली आणि कोणी घेतली यावर ठरतं. यातली एकही गोष्ट त्या नळीत दिसत नाही. अर्कात शिसं असलं किंवा कीटकनाशक असलं, तरी जांभळा रंग तसाच पिवळा होतो.

बरंचसं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. कॉलेजात मफल भट्टी (राख करायची विजेची भट्टी) आहे का, गट चार घरांत पावडर देतो की नागपूरच्या दुकानात पाठवतो, लोक ती पाण्यासोबत फाकतात की काढा करून पितात, यावर चाचण्यांचा क्रम थोडा बदलतो. साधी प्रयोगशाळा आणि बेताचे पैसे धरून मी ज्या क्रमाने काम करतो तो सांगतो.

सगळ्यात आधी ओळख. याला पैसे लागत नाहीत, आणि इथे चूक झाली तर पुढचं सगळं व्यर्थ. आपली गुळवेल, कोणी गुडवेल म्हणतं, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिच्याच कुळातली टिनोस्पोरा क्रिस्पा पानावरून पटकन वेगळी कळत नाही, कारण दोघींची पानं हृदयाच्या आकाराची. खोड हातात घ्या. गुळवेलीचं खोड हिरवट असतं, त्यावर कागदासारखा पातळ पापुद्रा असतो आणि नखाने खरवडला की खाली हिरवं दिसतं. क्रिस्पाचं खोड राखाडी, त्यावर दाट गाठी, आणि कापलं की दुधासारखा चीक. गुळवेलीचं फळ गोल आणि लाल, क्रिस्पाचं लांबट आणि नारिंगी. एक सावधगिरी: जून गुळवेलीवरही बारीक उंचवटे असतात, ती वातरंध्रं. त्यांना गाठी समजून चांगली वेल टाकून देऊ नका. बोट फिरवल्यावर खरखर लागते ती वातरंध्रं. बोट अडखळतं ती गाठ. शंका राहिली तर चीक आणि फळ पाहून ठरवायचं.

अंगठ्याएवढं जाड खोड आडवं कापून पाहा. आत बैलगाडीच्या चाकासारखे आरे दिसतात. 'चक्रलक्षणिका' हे तिचं जुनं नाव याच खुणेवरून पडलं. वाळल्यावर साल लाकडापासून सुटते, पण आरे तसेच राहतात, म्हणून वाळलेल्या तुकड्यांत दुसऱ्या झाडाच्या काड्या मिसळल्या असतील तर त्या इथे पकडता येतात. क्रिस्पा मात्र एवढ्या खुणेवर वेगळी काढता येत नाही, तिच्यासाठी ओली वेलच पाहावी लागते. दळल्यावर तर डोळ्यांनी काहीच कळत नाही. आयोडीनचा थेंब टाकला की पावडर गर्द निळी होते, कारण गुळवेलीत पिष्ट भरपूर. पण तांदळाचं पीठही तेवढंच निळं होतं, तेव्हा त्या निळ्या रंगावर विसंबू नका.

म्हणून दळण्याआधीच प्रत्येक जागेवरच्या वेलीचा एक नमुना कागदात दाबून वाळवा: पानं, खोडाचा तुकडा, आणि मिळाली तर फुलं-फळं. नर आणि मादी वेल वेगळ्या असतात, त्यामुळे सगळ्याच वेलींवर फळ मिळणार नाही, त्याची काळजी करू नका. हा नमुना अमरावती किंवा नागपूर विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवून ओळख लेखी घ्या. तुमच्या प्रबंधालाही हा कागद लागणारच आहे.

आता वावर. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. तुमच्याकडे गुळवेल धुऱ्यावरच्या कडुनिंबावर किंवा बाभळीवर चढलेली, आणि धुऱ्याच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटी. पावसाळाभर फवारणी चालते. २०१७ च्या हंगामात याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ज्या तुषारांनी माणूस आडवा होतो ते धुऱ्यावरच्या वेलीला वगळून जात नाहीत. त्यात मोनोक्रोटोफॉससारखी आंतरप्रवाही औषधं पानातून आत शिरतात, खोड कितीही धुतलं तरी निघत नाहीत. बाई धुऱ्यावरून वेल आणते तेव्हा तिला ती रानातली, शुद्ध वाटते. तिचा दोष नाही, वेलीकडे पाहून कोणालाच कळणार नाही.

तेव्हा गटाला पहिला नियम हा घालून द्या: कपाशी, तूर, सोयाबीनच्या फवारणीच्या पट्ट्यातली वेल घ्यायची नाही. गावठाणातली, देवळाजवळची किंवा जंगलकाठची घ्यायची. जंगलातून घ्यायची असेल तर ग्रामसभेला विचारून, आणि बुंध्याकडचा भाग जिवंत ठेवून. गुळवेल कापली तरी पुन्हा फुटते, पण मुळासकट ओढली तर दोन वर्षांत गटाला माल उरणार नाही. कुचला किंवा बिब्बा यांवर चढलेली वेल टाळा, कारण काढताना त्या झाडाच्या साली-काड्या सोबत येतात. वणीकडच्या कोळशाच्या वाहतुकीच्या रस्त्यालगतचीही नको, तिथे पापुद्र्याखाली धूळ बसलेली असते.

बाहेरच्या प्रयोगशाळेत खर्च करायचा तो इथे करा. एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत एकच, पण नीट काढलेला नमुना पाठवा. प्रत्येक जागेवरच्या आठ-दहा वेलींमधून सारख्या वजनाचे तुकडे घ्या, एकत्र करा, ढीग करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन भाग ठेवा आणि दोन बाजूला काढा. २५० ग्रॅम उरेपर्यंत हेच करत राहा. सगळ्यात चांगली दिसणारी काडी निवडून पाठवली तर अहवाल त्या काडीचा येतो, मालाचा येत नाही. तीन गोष्टी तपासून मागा: कीटकनाशकांचे अवशेष, जड धातू आणि जंतू. जड धातूंच्या मर्यादा आयुर्वेदिक औषधांसाठी ठरलेल्या आहेत: शिसं १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग), आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३. जंतूंमध्ये एकूण जिवाणू प्रति ग्रॅम १ लाखाच्या आत, बुरशी आणि यीस्ट १ हजाराच्या आत, आणि ई. कोलाय व साल्मोनेला अजिबात नको.

अहवालात 'मर्यादेत' लिहिलं म्हणून तिथेच थांबू नका, मात्रेने गुणा. गुळवेलीच्या चूर्णाची मात्रा आयुर्वेदिक फार्माकोपियात (औषधांच्या सरकारी मानकग्रंथात) दिवसाला ३ ते ६ ग्रॅम दिली आहे. शिसं बरोबर १० पीपीएम असेल आणि माणूस रोज ६ ग्रॅम घेत असेल, तर दिवसाला ६० मायक्रोग्रॅम शिसं पोटात जातं. कागदावर तो माल उत्तीर्ण आहे. मी स्वतः मर्यादेच्या निम्म्याहून जास्त शिसं दिसलं की त्या जागेचा माल वापरू नका असंच सांगतो.

कॉलेजात तुम्हाला स्वतः करता येतील अशा दोन चाचण्या आहेत, आणि दोन्ही कंटाळवाण्या म्हणून लोक टाळतात. पहिली राख. २-३ ग्रॅम पावडर वजन केलेल्या क्रुसिबलमध्ये (मुशीत) ४५० अंशांच्या आत, काळा कण राहणार नाही इतकी जाळायची. एकूण राख १६ टक्क्यांच्या वर नको. ती राख २५ मिलि विरल हायड्रोक्लोरिक आम्लात ५ मिनिटं उकळून, राखविरहित गाळण कागदातून गाळून पुन्हा जाळायची. जे उरतं ती आम्लात न विरघळणारी राख, ती ३ टक्क्यांच्या वर नको. ही जास्त आली तर त्याचा अर्थ बहुधा माती आणि वाळू: खोड न धुता दळलं आहे किंवा अंगणात जमिनीवर वाळवलं आहे. खाली ताडपत्री अंथरली, दळण्याआधी खोड ब्रशने धुतलं की आकडा खाली येतो.

दुसरी, पाण्यात उतरणारा अंश. ५ ग्रॅम पावडर १०० मिलि क्लोरोफॉर्म-पाण्यात २४ तास ठेवायची, पहिले ६ तास अधूनमधून हलवायची, नंतर स्थिर. गाळून २५ मिलि आटवायचं आणि १०५ अंशांवर वाळवून वजन करायचं. २५ मिलि म्हणजे सव्वा ग्रॅम पावडरचा अर्क. निदान ११ टक्के हवेत, म्हणजे वाटीत साधारण ०.१४ ग्रॅम उरलं पाहिजे. बरंच कमी उरलं तर माल जुना आहे, उन्हापावसात पडून राहिला आहे, किंवा त्यात दुसरं काहीतरी मिसळलं आहे.

वाळवण्याबद्दल एवढंच: खोड उभं चिरून २-३ सेंमीचे तुकडे करा. आख्खं खोड बाहेरून वाळतं आणि आत ओलं राहतं, मग डब्यात बुरशी धरते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतही चांगलं वाळतं, पावसाळ्यात काढलेला माल मात्र बहुतेक वेळा इथेच बिघडतो. तुकडा मोडल्यावर कट्कन आवाज आला पाहिजे. वाकला तर दळू नका.

आता तुमच्या ९१ टक्क्यांकडे येतो. १ मिलि अर्क ३ मिलि डीपीपीएचमध्ये गेला की २ मिग्रॅ/मिलिचं ५०० मायक्रोग्रॅम/मिलि होतं. क जीवनसत्त्वही तेवढंच. डीपीपीएच ०.१ मिलिमोलर घेतलं असेल (१०० मिलि मिथेनॉलमध्ये ३.९४ मिग्रॅ), तर मिश्रणात ते ०.०७५ उरतं. क जीवनसत्त्वाचा एक रेणू डीपीपीएचचे दोन रेणू विझवतो. या हिशोबाने निम्मा रंग घालवायला ३.३ मायक्रोग्रॅम/मिलि पुरतात आणि सगळा घालवायला ६.६. तुम्ही ५०० घातले, गरजेच्या पंचाहत्तर पट! रंग पूर्ण गेल्यावरही थोडा पिवळेपणा उरतो आणि यंत्र तो मोजतं, म्हणून टक्केवारी शंभरावर न जाता नव्वदीत अडकते. तुमचे ९१ आणि ९५ दोन्ही छताला टेकलेले आकडे आहेत. 'गुळवेल जवळजवळ क जीवनसत्त्वाइतकी' असा निष्कर्ष यातून निघत नाही.

पुन्हा करताना असं करा. मिश्रणातल्या सांद्रतेने अर्काच्या सहा पायऱ्या घ्या: १०, २५, ५०, १००, २०० आणि ४०० मायक्रोग्रॅम/मिलि. क जीवनसत्त्वाच्या १ ते ६. नुसत्या डीपीपीएचचं शोषण (यंत्राने मोजलेली रंगाची गडदता) ५१७ नॅनोमीटरला ०.८ ते ०.९ च्या आसपास यायला हवं. ०.५ आलं तर डीपीपीएच जुनं आहे किंवा वजन चुकलं आहे. ३० मिनिटं अंधारात ठेवा, नळ्यांना ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळा. आलेख काढून निम्मा रंग घालवणारी मात्रा, म्हणजे आयसी-५०, काढा आणि तीच लिहा. क जीवनसत्त्वाची आयसी-५० साधारण ३ ते ४ आली तर तुमची पद्धत जागेवर आहे. तीस आली तर क जीवनसत्त्वाचं द्रावण शिळं झालं आहे. ते रोज ताजं करावं लागतं. अर्काचे आकडे हा ताळा जुळल्यावरच मानायचे.

गुळवेलीत आणखी एक अडचण आहे. काढा मिथेनॉलमधल्या डीपीपीएचमध्ये घातला की त्यातलं पिष्ट आणि बुळबुळीत द्रव्य खाली बसतं आणि नळी गढूळ होते. यंत्राला गढूळपणा हा रंगच वाटतो, त्यामुळे टक्केवारी खोटी कमी दिसते. काढा आधी सेंट्रिफ्यूज करा, आणि प्रत्येक पायरीला डीपीपीएचऐवजी नुसतं मिथेनॉल घातलेली एक नळी ठेवून तिचं शोषण वजा करा. पाण्याचा अंश जास्त झाला तर डीपीपीएच स्वतःच गढूळ होतं. काढ्यासाठी म्हणूनच मला एबीटीएस चाचणी (हीही रंग जाण्यावरचीच) जास्त पटते: ७ मिलिमोलर एबीटीएस आणि २.४५ मिलिमोलर पोटॅशियम परसल्फेट रात्रभर अंधारात ठेवायचं, सकाळी ७३४ नॅनोमीटरला शोषण ०.७० येईपर्यंत पातळ करायचं आणि वापरायचं. ती पाण्यात चालते.

आणि प्रत्येक आकड्यासाठी घ्यायची तिन्ही वाचनं एकाच अर्कातून घेतली तर ती एकाच अर्काची तीन वाचनं होतात. तीन वेगळ्या जागांच्या मालाचे तीन वेगळे अर्क करा, म्हणजे खरा फरक दिसेल.

मिथेनॉलचा अर्क गावात कोणी पीत नाही. लोक जे घेतात तेच तपासा: गट सांगतो त्या प्रमाणात, तेवढाच वेळ, स्टीलच्या भांड्यात उकळलेला काढा. एक काढा ऊर्ध्वपातित पाण्यात करा आणि एक गावच्या बोअरच्या पाण्यात. यवतमाळ-चंद्रपूरच्या बऱ्याच गावांत भूजलात फ्लोराइड आहे, आणि उकळून ते जात नाही, उलट दाटतं. पाण्यात प्रति लिटर १.५ मिग्रॅ फ्लोराइड असेल आणि ८०० मिलिचा आटवून १०० मिलि काढा केला, तर त्या एका कपात १.२ मिग्रॅपर्यंत फ्लोराइड येऊ शकतं, तेही रोजच्या पिण्याच्या पाण्याव्यतिरिक्त. प्रयोगशाळेतला शुद्ध काढा हे कधीच दाखवणार नाही. काढ्याला पिण्याचं तपासलेलं पाणी वापरा, हे पाकिटावर लिहायलाच हवं.

ब्राइन श्रिंपची चाचणी जरूर करा, पण तिच्याकडून काय मिळतं ते ओळखून. लिटरला ३८ ग्रॅम समुद्री मीठ, अंडी ४८ तास उबवायची, नळीत दहा पिल्लं, २४ तासांनी किती मेली ते मोजायचं. निम्मी पिल्लं १००० मायक्रोग्रॅम/मिलिच्या आत मेली तर अर्कात काहीतरी तीव्र आहे, थांबून शोधलं पाहिजे. ती जगली तर एवढंच कळतं की तीव्र विष नाही. त्या पिल्लांना यकृत नाही, त्यांना मधुमेहाच्या गोळ्या चालू नाहीत, ती तीन महिने रोज काढा पीत नाहीत.

पुढची पायरी प्राण्यांवरची. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ४२३ क्रमांकाच्या पद्धतीत उंदरांना किलोमागे २००० मिग्रॅपर्यंत मात्रा देऊन १४ दिवस पाहतात, ४०७ मध्ये २८ दिवस रोज देऊन रक्त आणि अवयव तपासतात. यासाठी नोंदणीकृत प्राणिगृह आणि संस्थेच्या नैतिकता समितीची आधी घेतलेली परवानगी लागते. कॉलेजात घरच्या घरी उंदीर आणून हे करू नका. ते बेकायदेशीर आहे आणि निकालही कोणी स्वीकारणार नाही. नागपूर-अमरावतीकडच्या फार्मसी कॉलेजांपैकी ज्यांच्याकडे अशी सोय आहे त्यांच्यासोबत संयुक्त काम करा.

एवढं करूनही काही गोष्टी माणसातच दिसतात. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांना यकृताची बाधा झाल्याचा अहवाल २०२१ मध्ये मुंबईहून आला, आणि त्यानंतर देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतल्या अनेकांत, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते त्या आजारासारखी लक्षणं होती. आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं की क्रिस्पासारख्या वेलीची गफलत झालेली असू शकते. कोणाचं किती खरं यावर वाद चालू राहील, पण तुमच्यासाठी दोन्हींचा अर्थ सारखाच: ओळख पक्की हवी, आणि संधिवातासारखा स्वप्रतिरोधक आजार किंवा यकृताचा त्रास असलेल्यांनी, साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गरोदर बायांनी डॉक्टर-वैद्यांना विचारल्याशिवाय ही पावडर घेऊ नये. डोळे पिवळे झाले, लघवी गर्द झाली, भूक मेली तर लगेच बंद करून दवाखाना गाठायचा. हे गटातल्या प्रत्येक बाईला तोंडपाठ हवं, कारण पाकीट वाचणारे कमी आणि तिलाच विचारणारे जास्त.

तेव्हा पाकिटावर 'सुरक्षित' लिहू नका. आजार बरा होतो असं तर मुळीच नको. औषध म्हणून विकायचं असेल तर उत्पादनाचा परवाना लागतो, त्यासाठी जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनात आधी विचारून घ्या. जे तुम्ही खरोखर तपासलं ते लिहा: वनस्पतीचं पूर्ण नाव, खोडाचं चूर्ण, काढणीचा महिना, तपासणी अहवालाचा क्रमांक, मात्रा, आणि कोणी घेऊ नये ते ठळक अक्षरात. अँटिऑक्सिडंटचा आकडा प्रबंधात शोभतो, पाकिटावर नको.

आणि प्रत्येक घाण्यातून ५० ग्रॅम पावडर काचेच्या बरणीत सील करून, तारीख आणि जागा लिहून ठेवत जा: 'कार्तिक, मारुतीच्या पारावरचा कडुनिंब' इतकं नेमकं. उद्या कोणाला त्रास झाला तर प्रयोगशाळेत पाठवायला त्याच घाण्याची पावडर हाताशी असेल. पाकीट संपण्याची तारीख उलटून वर्ष होईपर्यंत ती बरणी फेकू नका.